सपातेचा वॉशर

बास्सू रोज पहाटे मोजायचा.

दोन गल्ल्या खाली, पॉपलरच्या झाडांखाली मीमूनचा ट्रक उभा असायचा. स्टार्टरचा घरघराट ऐकू आला की बास्सू पांघरुणातच आकडे धरायचा. पन्नास. साठ. सत्तरच्या आसपास इंजिनाचा आवाज जरासा चढायचा, एकदोनदा वरखाली व्हायचा आणि ट्रक विझायचा. मग शांतता. मीमून बॉनेट उघडून हातपंप मारत असणार. पुन्हा स्टार्टर. पुन्हा सत्तर. तिसऱ्या-चौथ्या खेपेला इंजिन एकदाचं तापायचं आणि मग दिवसभर कासाब्लांकापर्यंत कुरकुर करायचं नाही.

ट्रक विझला की बास्सूला बरं वाटायचं. हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला सांगायची गरज नव्हती. इत्तो शेजारीच पडलेली असायची आणि तिला सगळं कळायचं.

मिदेल्त ह्या डोंगराळ गावात बास्सूला सगळे उस्ताद म्हणत. वयाच्या सोळाव्या वर्षी तो आऊलीच्या शिशाच्या खाणीत वर्कशॉपला लागला. तिथल्या कॉम्प्रेसरवर तो डिझेल शिकला. खाण बंद पडली तेव्हा तो सव्विशीत होता. खाणीतून त्यानं एकच वस्तू आणली, हातभर लांबीची एक लोखंडी कांब. तिचं एक टोक इंजिनावर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडावर. डोळे मिटायचे. मग तो सांगायचा की तिसऱ्या सिलिंडरचा नोझल टपकतोय, आणि तो टपकतच असायचा. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याच्या कानामागे तिथं एक घट्टा पडला होता. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालू करून देणाऱ्या ह्या माणसाकडे स्वतःची गाडी नव्हती. त्याचं कधी अडलंही नव्हतं. कुठं जायचं असलं की मीमून न्यायचा.

मीमूननं ट्रक घेतला त्याला बावीस वर्षं झाली. घेतानाच तो दहा वर्षांचा जुना होता. निळं नाक, लाकडी फळ्यांची बाजू, आत सफरचंदांचा वास. त्या बावीस वर्षांत बास्सूखेरीज दुसऱ्या कुणी त्या इंजिनाचा एक बोल्टही फिरवला नव्हता. निदान बास्सूची तशी समजूत होती.

मागच्या उन्हाळ्यात मीमूनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ट्रक तीन महिने उन्हात उभा राहिला. ऑपरेशनसाठी त्याला मेकनेसला नेलं ते जवादनं, स्वतःच्या गाडीतून. दोन रात्री तो तिथंच दवाखान्याच्या बाकावर झोपला. बास्सूला हे कळलं ते मीमून परत आल्यावर.

जवाद तिशीचा. मेकनेसच्या तंत्रशाळेत शिकलेला, तीन वर्षं स्पेनमध्ये काम करून आलेला. हमरस्त्याला लागून त्यानं गॅरेज टाकलं होतं. वर पत्र्याचं छप्पर, खाली सिमेंटचा खड्डा, भिंतीवर एका रांगेत टांगलेले पाने. एक लॅपटॉपही होता. त्याची आई मीमूनच्याच वाडीची. तेवढ्या धाग्यावर तो मीमूनला मामा म्हणायचा. बास्सूला तो उस्ताद म्हणायचा, अदबीनं, छातीवर हात ठेवून. ती अदबच बास्सूच्या डोळ्यांत खुपायची. उस्ताद काय, कुणालाही म्हणता येतं. मामा म्हणायला नातं लागतं.

नोव्हेंबरात अयाशी डोंगर पांढरा झाला आणि ट्रक सकाळी विझायला लागला. बास्सूनं आपल्या दुरुस्तीच्या दुकानाची फळी लवकर उघडून ठेवली. शेगडी पेटवली, चहा टाकला. मीमून चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी बास्सू खाली रस्त्यावर ब्रेड आणायला गेला, एरवी ब्रेड इत्तो घरीच भाजायची, आणि त्याला ते निळं नाक जवादच्या छपराखाली दिसलं. बॉनेट उघडं होतं. जवाद आत कोपरापर्यंत हात घालून होता. मीमून शेजारी खुर्चीवर बसून त्याला कसलीतरी गोष्ट सांगत होता आणि दोघं हसत होते.

बास्सू ब्रेड न घेताच परत आला.

"आता कळलं ना कसं वाटतं?" इत्तो म्हणाली. "बावीस वर्षं माझ्या घासातला घास त्या ट्रकला घातलास. कपड्यांना त्याचा वास घेऊन घरी यायचास. मी बोलले का कधी?"

"बोललीस."

"बोलले असेन. पण जेवण नव्हतं टाकलं मी."

त्या दिवशी बास्सू जेवला नव्हता, हे खरं होतं.

जवादनं आधी फिल्टर बदलला. ट्रक विझला. मग त्याला डिझेल थंडीनं गोठतंय असं वाटलं, म्हणून टाकीत थोडं रॉकेल मिसळून पाहिलं. ट्रक विझला. मग हीटर प्लग, मग बॅटरी, मग नोझल काढून तपासले. मीमून रात्री बॉनेटवर घोंगडं टाकायचा, पहाटे ऑइलच्या टाकीखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवायचा. तरी सत्तरला ट्रक विझायचा. कॉफीच्या दुकानात लोकांना विषय मिळाला. जवाद कम्प्यूटरची वायर घेऊन ट्रकभोवती तीन फेऱ्या मारून आला म्हणे, पण ती लावायला बत्तीस वर्षांच्या ट्रकला जागाच नव्हती. ट्रकनं वर विचारलं म्हणे, पाहुणे, कुणाकडे आलात? बास्सू सगळ्यांबरोबर हसला. सगळ्यांपेक्षा जरा जास्तच वेळ हसला. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, उस्ताद आज पोटभर जेवलेले दिसतायत. तेव्हा तो थांबला.

खरं म्हणजे बास्सूला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. दुकानात बसून नाही, ट्रक बघून नाही. अंथरुणात. विझण्याआधी आवाज चढतो, वरखाली होतो, ते त्याला खटकत होतं. डिझेल कमी पडलं की इंजिन मुकाट्यानं खाली जातं. आवाज असा हेलकावे खातो तो डिझेलमध्ये हवा शिरली की. रात्रभर कुठूनतरी हवा आत शिरते, नळीतलं डिझेल मागे टाकीत उतरतं. सकाळी पंपात उरलेल्या डिझेलवर इंजिन सत्तर आकडे चालतं. मग हवेचा बुडबुडा पोचतो आणि संपलं. आणि हवा कुठून शिरते?

तेव्हा तो अंथरुणात उठून बसला होता.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. रीशला बास्सूची बहीण दिलेली होती. तिच्याकडून तो मीमूनच्या ट्रकमधून परत येत होता. मागे खजुराची पोती. तल्घेम्तच्या खिंडीत बर्फानं गाठलं. डिझेल गोठून फिल्टर तुंबला. बास्सूनं टाकीकडून येणाऱ्या नळीचा बोल्ट उघडला, फिल्टर धुतला, आणि बोल्ट बसवताना गारठलेल्या बोटांतून त्याखालचा तांब्याचा वॉशर बर्फात पडला. नखाएवढी ती चकती. दोघांनी गुडघ्यांवर बसून बर्फ उपसलं. सापडली नाही. वॉशरशिवाय बोल्ट बसला तरी हवा शिरणार, इंजिन चालणार नाही, आणि त्या खिंडीत सकाळपर्यंत दोघं राहिले असते तर पुढचं बोलायलाच नको. बास्सूनं पायातली पिवळी सपात काढली. चाकूनं टाचेचं चामडं गोल कापलं, मधे भोक पाडलं, डिझेलमध्ये भिजवलं आणि बोल्टखाली बसवलं. ट्रक चालला. उघड्या पायाला मीमूनचं पागोटं गुंडाळून बास्सू घरी पोचला.

नियमाप्रमाणे दुसऱ्याच दिवशी तो वॉशर काढून तांब्याचा घालायचा. चामडं ते चामडं. डिझेलमध्ये भिजलेलं असतं तोवर फुगून घट्ट राहतं. सुकलं की आकसतं. हे बास्सूला वर्कशॉपच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. तो पाना घेऊन गेलाही होता. मीमून म्हणाला, राहू दे. चालतंय ना? आणि बास्सूनं राहू दिलं. त्याला स्वतःलाच ते हवं होतं. मीमून ती गोष्ट लग्नात सांगायचा, बारशाला सांगायचा, मयताच्या घरी तिसऱ्या दिवशीसुद्धा सांगायचा. दरवर्षी बर्फ वीतभर वाढायचं. आणि शेवटी प्रत्येक वेळी तेच, अजून आहे बरं का, बास्सूची सपात माझ्या इंजिनात आहे. तेव्हा सगळे बास्सूकडे बघायचे आणि बास्सू चहाच्या ग्लासात बघायचा.

उन्हाळ्यात तीन महिने उभ्या असलेल्या ट्रकमध्ये ते चामडं सुकलं होतं, तडकलं होतं. जवादला जो दोष सापडत नव्हता तो बास्सूनं स्वतःच्या हातानं तिथं बसवला होता.

हे सांगायचं कसं? आणि का सांगायचं? मीमून आला असता, म्हणाला असता, बास्सू, बघ रे जरा, तर त्यानं बघितलं असतं. मीमून आला नाही. नव्या पोराच्या छपराखाली जाऊन बसला. बसू दे. विझू दे. असे दिवस जात होते आणि बास्सू पहाटे मोजत होता.

मग एका गुरुवारी बसचा कंडक्टर कॉफीच्या दुकानात म्हणाला की जवादनं मेकनेसहून मीटरभर पारदर्शक नळी मागवली आहे, उद्या दुपारच्या बसनं येईल. कशाला कुणास ठाऊक. बास्सूला ठाऊक होतं. पंपाकडे जाणाऱ्या नळीच्या जागी ती जोडायची आणि इंजिन सुरू करायचं. डिझेलमधले बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. एक मिनिट पुरतं. मग माणूस सांधे तपासत मागे जातो, बोल्ट उघडतो, आणि खाली सपातेचा तुकडा. जवाद तो दोन बोटांत धरून मीमूनला दाखवणार. अदबीनं. उस्तादांची चूक आहे असं तो म्हणणारसुद्धा नाही. काहीच म्हणणार नाही.

त्या संध्याकाळी बास्सूनं डब्यातून तांब्याचा एक वॉशर शोधला. इत्तोच्या शेगडीतल्या निखाऱ्यांवर तो लालबुंद केला आणि पाण्यात टाकला. तांबं असं केलं की मऊ पडतं, घट्ट बसतं. इत्तो घेवड्याचं सूप ढवळत होती.

"कुणासाठी?"

"असाच."

"असाच," ती म्हणाली. "सकाळी झगा घालून जा. जमिनीवर आडवा होणारच आहेस तर खाली पोतं घे. कंबर धरली तर मी चोळणार नाही."

शुक्रवारी पहाटेची बांग झाली. मीमून काठी टेकत मशिदीकडे वळला तसा बास्सू पॉपलरच्या झाडांखाली गेला. मीमूनच्या कुत्र्यानं मान वर करून त्याला पाहिलं आणि पुन्हा शेपटीत नाक खुपसलं. बास्सूला त्याचंही बरं वाटलं. निदान कुत्र्याला तरी तो अजून परका नव्हता.

घोंगड्यावर दव गोठून कडक झालं होतं. तो पोत्यावर पाठ टेकून ट्रकखाली सरकला. इंजिन स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ त्यानं कधी ठेवलं नव्हतं. नव्या क्लिपा, नवं रबर, बोल्टांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके, कोणते घट्ट केले ते लक्षात राहायला. परक्या हाताची नीटनेटकी खूण जागोजागी. बास्सूनं ते सगळं बघितलं आणि त्याचं तोंड कडू झालं. फक्त एका बोल्टवर ठिपका नव्हता. त्याच्या बोल्टवर. पोराच्या नजरेतून सुटला, असं त्याला वाटलं, आणि तेवढा आनंद त्यानं घेतला.

बोल्ट सुटला. चामड्याची चकती काळी पडून, कडेला चिरली होती. त्यानं ती खिशात टाकली, तांब्याची बसवली, बोल्ट आवळला, हातपंपाचे चाळीस ठोके मारून हवा काढली. नमाज सुटायच्या आत तो घरी पोचून पांघरुणात शिरला. कंबर धरली होती.

स्टार्टर वाजला. बास्सू मोजायला लागला. सत्तर. ऐंशी. शंभर. दीडशे. आवाज कुठे चढला नाही, उतरला नाही. तीनशेला त्यानं मोजणं सोडलं. मग गेअर पडला आणि ट्रक खालच्या रस्त्याला लागला. थोड्या वेळानं भोंगा वाजला, दोनदा, लांब. तो जवादच्या गॅरेजसमोरून आला होता.

तेव्हा बास्सूला कळलं की त्यानं काय केलं. स्वतःची चूक झाकली होती, आणि यश उचलून जवादच्या ओट्यावर ठेवून आला होता.

रविवारच्या बाजारात कॉफीचं दुकान भरलेलं होतं. मीमूनबरोबर मेकनेसचा एक सफरचंदांचा व्यापारी होता. जवादही होता, धुतलेले हात मांडीवर ठेवून. मीमूननं बास्सूला हाक मारून शेजारी बसवलं, जसं काही झालंच नव्हतं. लोक जवादचं कौतुक करत होते. तो कम्प्यूटरचा विनोद करणारे तेच लोक. जवाद म्हणाला की त्यानं गुरुवारनंतर ट्रकला हातच लावला नाही, आपोआप कसा नीट झाला त्याला समजत नाही. लोकांना तो विनय वाटला आणि त्यांनी त्याचंही कौतुक केलं. बास्सूचा चहा गार झाला.

मग व्यापाऱ्यानं विचारलं, एवढा जुना ट्रक, खिंडीत दगा देत नाही? आणि मीमून खुर्चीत मागे टेकला. गोष्ट सुरू झाली. ह्या वेळी बर्फ कमरेपर्यंत होतं. सपात कापली गेली, पागोटं गुंडाळलं गेलं. बास्सूला खिशातली चकती मांडीला टोचत होती.

"आणि ती अजून तिथंच आहे," मीमून म्हणाला. "ह्या जवादला पहिल्याच दिवशी सांगितलं. सगळं इंजिन उघड, वाटलं तर विकून खा. पण त्या एका बोल्टला हात लावायचा नाही. तिथं माझ्या भावाची सपात आहे."

जवाद हसला. "म्हणून तर नळी मागवली होती, मामा. मला संशय होता तिथलाच. पण तुम्ही ऐकणार थोडेच. बुडबुडे डोळ्यांनी दाखवले असते तर परवानगी दिली असती तुम्ही."

"दिली नसती."

"मग उस्तादांना बोलवा म्हटलं असतं. त्यांनी काढली असती तर चाललं असतं ना?"

बास्सूला तो ठिपका नसलेला बोल्ट दिसला. त्यानं खिशात हात घातला आणि काळी चिरलेली चकती टेबलावर, साखरेच्या वाटीशेजारी ठेवली.

व्यापाऱ्याला काही कळलं नाही. जवादला लगेच कळलं. तो चकतीकडे बघत राहिला, मग बास्सूच्या हातांकडे, आणि मग उठून उगाचच चहाचे पैसे द्यायला आत गेला.

"कधी?" मीमूननं विचारलं.

"शुक्रवारी. तू नमाजाला गेलास तेव्हा." बास्सू थांबला. "सुकली होती. तिच्यामुळेच विझत होता. मला पहिल्यापासून माहीत होतं."

बास्सू वाट बघत होता की आता मीमून चुकीबद्दल बोलेल. तीन आठवडे गारठ्यात दुखऱ्या गुडघ्यावर उभं राहून पंप मारत होतो आणि तू पांघरुणात पडून ऐकत होतास, असं म्हणेल. तसं म्हणाला असता तर बास्सूनं ऐकून घेतलं असतं.

"विचारायचं तरी," मीमून म्हणाला. "चौदा वर्षं सांभाळली मी ती."

"तू माझ्याकडे आलाच नाहीस."

"त्याच्याकडे खड्डा आहे. छप्पर आहे. ह्या वयात तुला बर्फावर उताणा झोपवू?" त्यानं बास्सूकडे पाहिलं. "आणि तू तरी काय केलंस. चोरासारखा येऊन झोपलासच."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसलं. मीमून हसला नाही. त्यानं ती चकती उचलली, तळहातावर ठेवून उलटसुलट करून पाहिली, रुमालात बांधली आणि रुमाल आतल्या खिशात ठेवला. मग व्यापाऱ्याशी सफरचंदांचं बोलू लागला. बास्सू थोडा वेळ बसला आणि उठला. दारात जवाद भेटला. त्यानं छातीवर हात ठेवला. म्हणाला, उस्ताद, नळीशिवाय हवा ओळखायची कशी, कधीतरी शिकवा. बास्सू बघू म्हणाला. घरी जाताना त्याला वाटलं, हा पोरगा जरा वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

दोन दिवस मीमून बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी स्टार्टर वाजला. बास्सूनं मोजलं नाही. तो झगा घालून गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. ट्रक चढावरून आला, हळू झाला, थांबला नाही. मीमूननं भोंगा वाजवला, एकदाच, आखूड. काचेच्या आत, आरशाला लाल दोऱ्यानं ती काळी चकती टांगलेली होती. खड्ड्यात चाक गेलं तशी ती झुलली. मीमूननं एका हातानं तिला सावरलं.

ट्रक कासाब्लांकाकडे निघून गेला. दिवसभराचा रस्ता, जाताना आणि येताना. चकती त्या केबिनमध्ये, मीमूनच्या शेजारी.

बास्सू घरी आला तेव्हा इत्तोनं त्याचं तोंड पाहिलं.

"आता कुणावर जळतोयस?" तिनं विचारलं.

बास्सूनं सांगितलं. इत्तो इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. मग तिनं तेल गरम करायला ठेवलं आणि म्हणाली, झोप पालथा. कंबर दाखव.